सरकीसाठी ‘हो’ कोणी म्हणायचे

मी, रागिणी खुशालराव महल्ले, वय एकतीस, अविवाहित, राहणार अमरावती, मूळ गाव तालुका बार्शीटाकळी, जिल्हा अकोला, वकिलांच्या कार्यालयात टंकलेखनाचे काम करते. पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र मी स्वतः टंकित केले आहे. दडपण आहे ते फक्त माझ्या स्वभावाचे, आणि ते मला बारा महिने असते.

येत्या सोमवारी नागपूरला माझ्या गळ्यातील थायरॉइडच्या गाठीचे ऑपरेशन आहे. डॉक्टर साधे ऑपरेशन म्हणतात. पण साधे असते तर भूल देण्यापूर्वी एवढ्या सह्या घेतल्या नसत्या. इतरांच्या इच्छा मी आठ वर्षे टंकित करत आले. स्वतःची कोरी ठेवून जाणे मला बरे वाटत नाही.

कलम एक. माझ्या नावावर घर किंवा शेत नाही. बँकेतील मुदत ठेव आई, सौ. कौशल्या, हिला मिळावी. ती मोडून घराला पत्रे टाकू नयेत. आईने स्वतःचे डोळे दाखवावेत, मग उरेल त्यातून पत्रे टाकावेत.

कलम दोन. स्कूटी धाकटा भाऊ नितेश याला द्यावी. तो मला चारचौघांत ‘कुत्तेवाली बाई’ म्हणतो, ते मी विसरलेले नाही. पण गेल्या मे महिन्यात सरकीला मांडीवर घेऊन मी मागे बसले होते आणि त्याने बार्शीटाकळीहून अकोल्यापर्यंत गाडी कुठेही न थांबवता नेली, हेही विसरलेले नाही. पुढचा ब्रेक लागत नाही. आधी तो दुरुस्त करावा.

कलम तीन. माझी पुस्तके गावच्या शाळेला द्यावीत. आमच्या घरात शाळेची पायरी पहिली मी चढले. माझ्यानंतर कोणाची वाट अडू नये.

कलम चार. हे सरकीबद्दल आहे. खरे तर याच कलमासाठी हा कागद लिहायला घेतला.

सरकी ही माझी कुत्री. अकोल्याला कापसाच्या एका जिनिंगच्या फाटकाजवळ पिल्लू असताना सापडली. पांढरी, म्हणून सरकी. गेल्या उन्हाळ्यात मी तिला घेऊन गावी गेले होते. अंगणात बसून आंबे खाताना बाबांनी कोय तिच्यापुढे टाकली. गावची कुत्री कोय चघळतात आणि सोडून देतात. सरकीने गिळली. दुसऱ्या दिवशी ती ओकायला लागली, पोट फुगून टणक झाले. आम्ही तिला अकोल्याला डॉ. शुभंकर हरकरे यांच्या खासगी दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी पोटाचा फोटो काढला, तिला टेबलावर ठेवले आणि खर्च सांगितला. आतड्यात कोय अडकली होती. पोट उघडावे लागणार होते. निम्मे पैसे आधी भरायचे, मग भूल. मी पर्समध्ये हात घालून उभी होते. तेवढ्यात मागून एसटीने आलेले बाबा पुढे झाले. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून डॉक्टरांच्या हातावर टाकला आणि त्याखाली त्यांची बोटे धरली. बैलबाजारात सौदा करतात तसे. आमच्याकडे जनावराचा भाव तोंडाने बोलत नाहीत, दुपट्ट्याखाली बोटांनी सांगतात, म्हणजे आजूबाजूच्यांना कळत नाही.

डॉक्टरांनी हात झटकला. “काका, हात सोडा! हा काय बैलबाजार आहे? इथे भाव होत नाही.”

बाबांनी हात मागे घेतला. दुपट्टा पुन्हा खांद्यावर टाकला. मला जमिनीत जावेसे वाटले. मी म्हटले, “बाबा, तुम्ही बाहेर बसा.” ते बाहेर जाऊन बसले. माझी सहकारी प्रतीक्षा हिने अमरावतीहून मोबाइलवर पैसे पाठवले, ते भरले. सरकी वाचली. प्रतीक्षाचे पैसे मी फेडले आहेत. कोणी पुन्हा देऊ नयेत.

सुट्टी देताना डॉक्टरांनी बजावले, “टाक्याच्या जागी आतडं अरुंद झालंय. पुन्हा पोट फुगलं तर सकाळची वाट पाहू नका. लगेच आणा आणि लगेच हो म्हणा.” त्यावर बिल हातात दिले. त्यात क्ष-किरण फोटो दोन. पहिल्या वेळी सरकी हलली होती. मी म्हटले, हललेल्या फोटोचे पैसे स्टुडिओवालासुद्धा घेत नाही. ते म्हणाले, “मग पुढच्या वेळी स्टुडिओत न्या.” याबाबत ग्राहक आयोगात माझी तक्रार आहे. ती माझ्यामागे मागे घेऊ नये आणि वाढवूही नये. एका फोटोचे पैसे, एवढेच मागणे आहे. मिळाले तर सरकीच्या तोंडाला चांगले मुसके घ्यावे, म्हणजे कोय दिसली तरी गिळता येणार नाही.

मी नसताना सरकी गावीच राहणार. मग ‘लगेच हो’ कोणी म्हणायचे? मी पहिल्या मसुद्यात लिहिले होते: “सरकीच्या उपचाराचा निर्णय माझ्या वडिलांनी घेऊ नये.” जनावर टेबलावर तडफडत असताना भाव करणाऱ्याच्या हाती तिचा जीव द्यायचा नव्हता. पण ज्याला वगळायचे त्याला मेल्यावर कळावे, हे मला पटेना. म्हणून बाबांना फोन केला आणि ते वाक्य वाचून दाखवले.

त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाले, “काहून वं?”

“बाबा, तुम्ही दुपट्टा टाकला. ती मरून राहिली होती आणि तुम्ही भाव कमी करत होते.”

“कमी? कोन म्हणे कमी? त्यानं जेवढे म्हटले तेवढेच बोटं धरले म्या. म्हटलं, पुरे पैसे मी देतो, पोरीसमोर बोलू नोको. त्याले बोटंच समजले नाई, तं म्या काय करू?”

“मग मला तेव्हाच का नाही सांगितलं?”

“तुले सांगतलं असतं तं तू देऊ देल्ले असते का? कोय म्याच टाकली होती, बाई. अन् दुपट्ट्याखालची गोष्ट बाजारात कोनी बोंबलून सांगते का?”

मागून आई ओरडली, “कुत्रीच्या नावानं कोर्टाचा कागद करून राह्यली ही पोरगी! गावात सांगू नोका कोनाले!”

ते वाक्य मी खोडले. त्या जागी वडिलांचे नाव घातले. पण रविवारी सरकीला गावी सोडायला गेले, तेव्हा मनात नवीनच काही सुरू झाले. बाबा आता कधीच नाही म्हणणार नाहीत. शेवटी जगण्याची आशा उरली नाही तरी ते तिला पुन्हा फाडायला लावतील, केवळ ती कोय त्यांनी टाकली म्हणून. परतताना मी अकोल्याला उतरले आणि डॉ. हरकरे यांच्याकडे गेले.

“तुम्ही माझ्यावर तक्रार केली आहे, मॅडम,” ते म्हणाले.

“ती चालूच राहील. मला दुसरं विचारायचं आहे. पुन्हा पोट उघडावं लागलं तर ती जगेल?”

“पहिल्या दिवशी आणली तर कदाचित. उशीर झाला तर नाही. मग शिवलेलं टिकत नाही, नुसते हाल होतात. तेव्हा मी ‘पुरे’ म्हणेन आणि तुमच्या घरचे मला शिव्या देतील.”

“तुम्ही पुरे म्हणालात तर पुरे, असं मी लिहिणार आहे.”

“माझ्यावर विश्वास आहे?”

“बिलाच्या बाबतीत नाही.”

ते हसले नाहीत. पण दुपट्ट्याखाली बाबा काय सांगत होते ते मी सांगितले, तेव्हा त्यांनी टेबलावरचे पेन उगाच इकडचे तिकडे केले आणि म्हणाले, “मला कोणी शिकवलंच नाही ते.”

म्हणून तरतूद अशी: सरकी आजारी पडली तर वडिलांनी कोणालाही न विचारता हो म्हणावे. मात्र डॉ. हरकरे ‘पुरे’ म्हणाले, तर वडिलांनी पुरे म्हणावे आणि तिला शांतपणे जाऊ द्यावे. त्या वेळी नितेशला आत पाठवून स्वतः बाहेर बसू नये.

हे मी बाबांना फोनवर वाचून दाखवले. विचारले, “डॉक्टर पुरे म्हणाले तर म्हणाल ना?”

“तू नागपूरवरून ये, मंग पाहू.”

“मी आली नाही तर, ते विचारून राहिली बाबा.”

“ठेव फोन. सरकी भाकरीची वाट पाहून राह्यली.”

पुन्हा केला तर उचलला नाही.

ज्यांच्याकडे मी काम करते ते वकील बापूसाहेब मसुदा वाचून म्हणाले, “रागिणीबाई, शंभर एकरवाले एवढ्या तरतुदी करत नाहीत. पण ज्याच्यावर जबाबदारी टाकता त्याने होकार दिलेला नाही. दुसरे नाव घाला.” दुसरे नाव आहे. प्रतीक्षा हो म्हणाली आहे, तेही न रडता. ती नेमके वागेल, ठरल्या वेळी थांबेल. मी दोन दिवस दोन्ही नावे आलटून पालटून टंकित केली. पण सरकी प्रतीक्षाला ओळखत नाही. दवाखान्यात अनोळखी माणसाने धरले की ती अंगाचे लाकूड करते.

वडिलांनी होकार दिलेला नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरी नाव त्यांचेच ठेवते: खुशालराव देवराव महल्ले. वेळ आली तर त्यांच्याकडून चूक होईल. ती चूक मला मान्य आहे, आणि तिच्यासाठी घरात कोणी त्यांना बोलू नये.

हे वाचून, समजून, उजव्या हाताने सही करते. साक्षीदारांनी माझी सही समोर पाहिली आहे. दोघांनाही या कागदातून काही मिळत नाही.

सही: रागिणी खुशालराव महल्ले

साक्षीदार १: ॲड. बापूसाहेब पिंपळखरे, अमरावती
साक्षीदार २: प्रतीक्षा देवमन उमाळे, अमरावती

स्थळ: अमरावती
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५