दहाच्या वर, चौदाच्या आत

२ जून ६९, सिल्वासा
शाळेच्या वसतिगृहाची यादी आली. जागा चाळीस. त्यात राखोलीची साठ वर्षांची एक आजी, दोन पोरांचा एक बाप, एक तान्हं मूल. माझी विद्यार्थिनी जेठी नाही. वय बारा, वर्गात पहिली, घर खानवेलच्या रानात. डोकं फिरलं.
साहेबांचा हुकूम होता, घरातल्या प्रत्येकाचं कार्ड भरा, दहाच्या वरची नि चौदाच्या आतली पोरं मुंबईचं गणकयंत्र निवडेल. मे महिनाभर उन्हात वणवण केली ती याच्यासाठी?

३ जून
साहेब म्हणे, "बाई, यंत्र चुकत नाही. वय तुम्हीच चुकीचं लिहिलं असेल."
त्या आजीने मला चहा पाजलाय. तिचे पांढरे केस काय मी रंगवले?

६ जून
अरविंदला ट्रंककॉल. धाकटा भाऊ, त्याच यंत्रावर कामाला. अट मीच लिहून दिली होती, फळ्यावर लिहिते तशी: १० < वय < १४. तिथल्या लोकांनी तशीच यंत्रात घातली. ते तुकड्या-तुकड्याने वाचतं. दहा साठपेक्षा लहान? हो. 'हो' त्याच्या लेखी १. मग तो १ चौदापेक्षा लहान? हो. आजी पास! तान्ह्याला आधी 'नाही', म्हणजे ०. शून्यही चौदापेक्षा लहानच. तोही पास. नापास कुणी होतच नाही. मग पहिली चाळीस कार्डं घेतली नि मोकळे झाले. खानवेलची कार्डं शेवटी पोचलेली.
"ताई, दोन प्रश्न वेगळे विचारून मध्ये 'आणि' घालायचा." आता सांगतोय, गाढव. आणि मी दुसरी.

९ जून
जेठीचा बाप आला. "बाय, पोर बारा वरसांची हाय ना? मंग मशीन नाय कशापायी म्हनतं?" जागा नसेल तर पुढच्या सोमवारी तिला वापीला कुणाकडे घरकामाला ठेवणार. जेठी दाराशी उभी. मला रडू आलं, रागाने.

१३ जून, शुक्र.
अरविंदकडून जुन्याच अटीवर आणखी एक कार्ड चालवून घेतलं. साहेबांचं. वय ५४. पात्र.
कागद टेबलावर ठेवला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला. "यादी वर गेलीय, बाई."
"मग तुमची खाट कुठे लावू? आजीच्या शेजारी?"
शिपाई तोंड फिरवून हसला. साहेब नाही हसले. नोकरी जाईल कदाचित, जाऊ दे. मग म्हणाले, "सोमवारी दुपारी या. बघू."
वापीची बस सोमवारी सकाळची. खानवेलच्या कंडक्टरकडे जेठीच्या बापासाठी निरोप दिलाय, दुपारपर्यंत थांब म्हणून. पोचला की नाही, कसं कळणार?