रेषेखालचं घर

बाबा, घरात कुत्र्याचं पिल्लू आलं आहे. काळं, तीन पाय पांढरे, चौथा रंगवायचा राहून गेल्यासारखा. आई त्याला "मेल्या" म्हणते आणि तो त्या नावाला शेपूट हलवायलाही लागला आहे. आत्ता तो फ्रीजखाली झोपला आहे. फ्रीजखाली एवढी मोकळी जागा आहे, ती रोज दिसत होती. पण ती कुणाची तरी होऊ शकते असं कधी वाटलं नव्हतं.

हे तुम्हाला सांगायला हवं, कारण घर तुम्ही केलेलं आहे. मी अकरा वर्षांची असताना नदीचं पाणी आपल्या हेंद्रेपाड्यात शिरलं, त्या दिवसापासून केलेलं. गल्लीत पाणी तुमच्या छातीला लागलं होतं. आई आधीच शेजारच्या इमारतीत वर पोचली होती. तुम्ही मला घेऊन त्याच इमारतीच्या कंपाउंडच्या भिंतीवर चढलात आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीकडे उचललंत. वरच्या काकूंनी वाकून हात दिला. पहिल्या वेळी मी घसरून परत तुमच्या अंगावर आले, दुसऱ्या वेळी वर गेले, आणि मागून पाइपाला धरून तुम्ही आलात. नंतर या दिवसाबद्दल कुणीही विचारलं की तुम्ही एवढंच सांगायचात, "माझे हात कमी पडले होते." बाकी काही नाही. पाणी ओसरल्यावर, भिंती वाळायच्या आधीच, तुम्ही गवंड्याकडून पातळी बघायची, पाणी भरलेली पारदर्शक नळी आणलीत. एक टोक माझ्या हातात, एक तुमच्या. "हलू नको," तुम्ही म्हणता, आणि मी श्वासही धरून उभी. चिखलाची खूण माझ्या छातीएवढी होती. तिच्या एक वीत वर तुम्ही निळ्या पेन्सिलने रेषा मारलीत, दोन्ही खोल्यांना फिरून, दारापाशी सुरू करून दारापाशीच संपवून. मग महिनाभर सगळं घर त्या रेषेच्या वर चढवलंत. बटणं, प्लग, वायरी, रेशनकार्ड, देव. फ्रीज लोखंडी घोडीवर. अजूनही बर्फ काढायला मला स्टूल लागतं. सिलिंडर पाण्यावर तरंगतो म्हणून त्याला भिंतीशी साखळी. रेषेखाली उरली फक्त लादी आणि भिजण्यासारखं काही नाही अशी रिकामी फडताळं.

आणि एक नियम उरला. जे उचलून वर ठेवता येत नाही ते या घरात नको. दोन वर्षांनी मी अंबरनाथला शिकवणीला गेले होते, तिथून शिवमंदिराच्या बाजूच्या गल्लीतलं एक पिल्लू दप्तरात घालून आणलं. तुम्ही कामावरून आलात, हात धुतलेत, आणि दप्तराकडे पाहिलंत. "हे पाणी आल्यावर कुठे ठेवणार?" मी म्हटलं, उचलून माळ्यावर ठेवीन. तुम्ही पिल्लाला एका हाताने उचललंत, थोडा वेळ तसंच धरलंत. "आत्ता उचलशील. मोठं झाल्यावर?" मी म्हटलं, तेव्हाही उचलीन. तुम्ही म्हणालात, "मोठं झालेलं उचलवत नाही." आवाज चढलेला नव्हता, तरी मला ते रागावणंच वाटलं. मला वाटलं तुम्ही कुत्र्याबद्दल बोलत आहात. सकाळी तुम्ही ते आनंदनगरला कंपनीत घेऊन गेलात आणि वॉचमनच्या केबिनपाशी सोडलंत. मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नाही. तेव्हापासून तुमच्या डब्यात रोज एक भाकरी जास्त जायची. हे आईने तुम्ही गेल्यानंतर सांगितलं.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मधे दोनदा घरात पाणी आलं. दोन्ही वेळा ते रेषेच्या खाली राहिलं.

या वर्षी ऑफिसमधल्या एकीने मला उल्हासनगरच्या एका आंटींचा पत्ता दिला. त्यांचं जीन्स शिवायचं दुकान आहे आणि शिलाईच्या मशीनांखाली कायम रस्त्यावरची चार-पाच अनाथ पिल्लं असतात. प्रत्येकाला त्या "पुट" म्हणतात, सिंधीत मुलाला म्हणतात तसं. काळ्याला मी तिथेच पाहिलं. तो एका चिंधीशी भांडत होता आणि हरत होता. मी म्हटलं, हा द्या. आंटी म्हणाल्या, "पहले घर देखूंगी. पिछली बार एक बोला, बंगला है. जाके देखा तो बच्चे को गच्ची पे बांध के रखा था, धूप में. मैं उठा के वापस ले आई."

रविवारी त्या आल्या. खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीतून काळं डोकं बाहेर. चपला काढल्या, ओढणी कमरेला खोचली आणि सरळ चारही हातापायांवर आल्या. "तुम भी बैठो. खडे खडे तुझं घर दिसतं, इसका नहीं." मी बसले. आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "तुला बघायला आलेल्यांनी सुद्धा घर एवढं निरखून बघितलं नव्हतं."

आंटी रांगत चालल्या होत्या, मी मागून.

"वायर?"

"वर आहे."

"फिनाइल? चूहे की दवा?"

"वर."

"मम्मी की गोलियां?"

"वर."

त्या मधेच थांबल्या, लादीवर मांडी घालून बसल्या. "अरे, तुम लोग नीचे कुछ रखते ही नहीं क्या? सब इसके लिए किया?"

"ह्याच्यासाठी कशाला," आई म्हणाली. "पाण्यासाठी. आमच्या ह्यांनी केलंय."

"तो बुलाओ ना उनको. शाबासकी देती हूँ."

"ते गेले. बारा वर्षं झाली."

आंटींनी मान वर करून तुमची रेषा पाहिली. मग पिशवीतल्या डोक्यावर हात ठेवून त्याला सांगितलं, "हुशार आदमी था." बाबा, एवढ्या वर्षांनी तुमचं कौतुक झालं, आणि ते एका पिल्लाला सांगितलं गेलं. मला हसू आलं आणि ते लवकर थांबेना.

दोन गोष्टी मात्र आंटींना चालल्या नाहीत. आईची विळी आणि मच्छर अगरबत्ती, दोन्ही जमिनीवर. आई चिडली. "जन्मभर खाली बसून चिरते, आता ह्या मेल्यासाठी उभी राहू?" आंटी म्हणाल्या, "मम्मी, खडे रहो या बैठो, लेकिन उसका नाक एक ही है." आईने विळी मिटली आणि खिळ्याला टांगली. भांडी मात्र त्यानंतर जोरात वाजली.

मग आंटींनी आईच्या खाटेखाली गाल लादीला लावून पाहिलं आणि विचारलं, "ये उजाला किधर से आता है?"

मागच्या भिंतीतलं भोक. तुम्ही छिन्नीने पाडलेलं, दीड विटेएवढं, लादीला टेकून. पाणी ओसरताना घरात चिखल अडकतो, तो बाहेर ढकलायला वाट हवी म्हणून. बाहेरून तुम्ही लाकडी गुटका बसवला होता, सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळून. गुटक्याची कड कुजली होती. पलीकडे नाला, नाल्यापलीकडे रस्ता. आंटींनी गुटका ढकलून त्या भोकातून हात आरपार घातला. "इससे तो निकल जाएगा."

मी म्हटलं, उद्या गवंडी बोलावून बुजवते.

"ते बुजवायचं नाही," आई म्हणाली. या वेळी आवाजात चिडचिड नव्हती. "मागच्या पाण्यात तू कामावर अडकली होतीस. मी एकटीने खराट्याने सगळा चिखल तिथनं काढला. ते नसतं तर मी चिखलात बसून राहिले असते."

आंटी उठल्या, पिशवी खांद्याला लावली. "घर अच्छा है. छेद अच्छा नहीं. अगले संडे आऊंगी, तब तक सोचो. नहीं हुआ तो दूसरा घर देखूंगी." पिशवीतलं डोकं गल्लीच्या वळणापर्यंत आमच्याकडे तोंड करून होतं.

गवंडी म्हणाला पाच मिनिटांचं काम आहे, घमेलंभर सिमेंट. मी त्याला शनिवारी ये म्हटलं आणि शुक्रवारी नको म्हणून कळवलं. शनिवारी मी खाट ओढली आणि त्या भोकासमोर उकिडवी बसले. तुमच्या कंपनीतली एक दुपार आठवली. तुम्ही डबा विसरला होतात, मी तो घेऊन आले होते. वॉचमनने मला शेडच्या दारापर्यंत सोडलं. तुम्ही एका बंद पंपासमोर उकिडवे बसला आहात, हात गुडघ्यांवर, हत्यार बाजूला. मी विचारते, काय करताय. "बघतोय." दुरुस्त का करत नाही? "आधी ह्याच्या उंचीला यायचं." मी डबा ठेवून निघाले तरी तुम्ही तसेच. तेव्हा मला वाटलं होतं तुम्ही कामचुकारपणा करताय. ते मी आईला सांगितलंही होतं.

मी लादीवर आडवी झाले. पिल्लाच्या उंचीवरून ते भोक दारासारखं दिसतं. खालून उजेड, हवा, बाहेरच्या गवताची टोकं. कुणालाही बाहेर जावंसं वाटेल असं. मग आईच्या उंचीवरून पाहिलं: अंधार, गुडघाभर चिखल, हातात खराटा. दोघांनाही पटेल असं काही हवं होतं.

माळ्यावर तुमची हत्यारं आहेत आणि पहिल्या पाण्यात बुडालेला टेबल फॅन आहे, जो तुम्ही कधी टाकू दिला नाहीत. मी त्याची पुढची जाळी काढली. भोकाभोवती भिंतीत चार बोल्ट बसवले आणि त्यांवर हाताने फिरतील असे, दोन कान असलेले नट. सिलिंडरच्या साखळीला तुम्ही तसलेच लावले आहेत. "पाण्यात पाना शोधायला कोण जातं," असं लावताना म्हणाला होतात. माझं एक बोल्टचं भोक तिरपं पडलं. ड्रिल हातात नाचतं हे तुम्ही सांगितलं नव्हतं, किंवा मी ऐकलं नसेल. आईने येऊन पाहिलं. मग डोळे घट्ट मिटून खाली बसली, चाचपत चारही नट काढले, जाळी बाजूला केली, परत लावली. मी विचारलं, डोळे कशाला मिटलेस? "चिखलात दिसतंय कुठे?" ती म्हणाली. उठताना तिने जाळीवरून हात फिरवला. "ह्यांचाच फॅन ना. बुडाला तेव्हापासून आज कामाला लागला."

रविवारी आंटींनी जाळीवर मूठ मारून पाहिली, गाल लावून पाहिला, तिरप्या बोल्टकडे पाहून भुवई उडवली. मग पिशवी लादीवर ठेवली आणि तिचं तोंड उघडलं. "जा, पुट. तेरा घर."

तो आधी नुसता उभा राहिला. मग निघाला. फडताळाच्या रिकाम्या कप्प्यातून, खाटेखालून, फ्रीजखालून, सिलिंडरला वळसा घालून पुन्हा कप्प्यात. कुठे काही सांडलं नाही, तुटलं नाही. तिथे काही नव्हतंच. वीस वर्षं आम्ही फक्त वरचं घर वापरत होतो. खालचं पाण्यासाठी मोकळं ठेवलेलं होतं आणि पाण्याची वाट पाहत होतं. त्या दुपारी ते पहिल्यांदा भरलं. देवघराच्या बरोबर खाली तो थांबला आणि निवांत मुतला. आंटी टाळ्या वाजवत म्हणाल्या, "रजिस्ट्री हो गई!" आई फडकं घेऊन आली, "मेल्या, पहिल्याच दिवशी," म्हणत तिने पुसलं, आणि पुसून झाल्यावर उठली नाही. तिथेच बसून राहिली, तो तिच्या पदराचं टोक चावत असताना.

आता घर वेगळंच चालतं. आई ओट्याशी उभी राहून सुरीने भाजी चिरते, पाय दुखले की त्याला बोल लावते, आणि मटार सोलायच्या निमित्ताने पुन्हा खाली त्याच्याजवळ बसते. मनुका कुत्र्याला बाधतात; प्रसादातला शिरा तो येईपर्यंत मनुकांचा होता, आता नाही. माझ्या चपला रेषेच्या वर गेल्या आहेत. चपला देवाच्या शेजारी असलेलं जगात हे एकच घर असेल.

आंटी सांगून गेल्या आहेत की हा पंचवीस किलोचा होणार. पंजे बघ, म्हणाल्या. म्हणून रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी त्याला उचलते, माळ्याच्या फळीवर ठेवते, दहा आकडे मोजते आणि उतरवते. त्याला ते आवडतं. दहाव्या आकड्याला तो माझा कान चाटतो. परवा आई म्हणाली, "हे काय खूळ?" मी म्हटलं, सराव. तिने जड होत चाललेल्या त्या काळ्या पोटाकडे पाहिलं आणि विचारलं, "आणि मोठा झाल्यावर?" अगदी तुमच्यासारखं. मी म्हटलं, "तेव्हा तू वरून धर." ती म्हणाली, "धरीन की." एवढं सोपं उत्तर या घरात होतं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. वर ठेवण्याच्या वस्तूंतही याला जागा करत नाही. मी ते फडताळाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवणार आहे. तिथे ठेवलेल्याचं काय होतं ते एकालाच माहीत, आणि त्याला दात येत आहेत. म्हणून इथे एक गोष्ट लिहिता येते. त्या दिवशी भिंतीवर तुमचे हात कमी पडले नव्हते. पहिल्याच वेळी वरच्या काकूंचा हात माझ्या हातात आला होता, घट्ट. मी खाली पाहिलं, तुम्ही पाण्यात एकटे राहाल असं वाटलं, आणि तो हात मीच सोडला.