अर्धी राहिलेली सूरा

गुरुवार, १३ फेब्रुवारी

प्रिय आपास,

सलाम. इकडे सगळे ठीक. सुनेचं शिवणकाम जोरात आहे, माझा गुडघा कुरकुरतोय. पंपदुरुस्तीतून मान वर काढायला फुरसत नाही. काल एका गिऱ्हाइकाने फोनवरच पंप ऐकवला, मी इथूनच सांगितलं, "बेअरिंग गेलंय." तो म्हणाला, "काका, तुमच्या कानांचा विमा उतरवा." या आठवड्यात हसलो ते तेवढंच.

सोमवारी तू माझ्या नातीला अठरा मुलांसमोर तुझ्या कुराणाच्या वर्गाबाहेर घालवलंस. सात वर्षांची पोर, आपा! मंगळवारी मी तुला एक पत्र लिहिलं होतं. त्यात तू किती कठोर आहेस, याचा पाढा होता. ते फाडलं. का, ते सांगतो.

तू सुनेला म्हणालीस, पोर सूरा गोड म्हणते, पण नमाज पढणाऱ्यांच्या धिक्काराच्या ओळीवर येऊन गप्प होते. कोणते नमाजी, ते पुढच्या ओळीत आहे. तिथेच थांबलं तर सगळ्या नमाज्यांना शाप दिल्यासारखं होतं. चारदा तू म्हणालीस, एका दमात जोड. चारदा ती तिथेच अडली. मुलं खिदळली. तुला वाटलं, थट्टा चालवलीय. "हे कुणी शिकवलं, ते सांगितल्याशिवाय आत यायचं नाही."

तिने नाव सांगितलं नाही. घरीही नाही. सुनेने तो मोबाइलवरच्या व्हिडिओंचा प्रताप ठरवला, आपला फोन कपाटात कोंडला आणि पोरीला दोन धपाटे घातले. माझ्या फोनवर तिचा संशय गेला नाही. मीही मध्ये पडलो नाही.

आज पोर शाळा सुटल्यावर रोजच्यासारखी माझ्या वर्कशॉपमध्ये आली. मी मशीन बंद केली, हात धुतले, म्हटलं, "मला तरी म्हणून दाखव. रागावणार नाही." तिने डोक्यावर ओढणी घेतली आणि सुरू केलं. सूर कसा लागला म्हणून सांगू! आणि त्याच ओळीवर कचकन ब्रेक.

"पुढे?"

"पुढे तुम्ही उचलता."

"काय उचलतो?"

"फोन."

आपा, दोन वर्षांपूर्वी माझ्या फोनची रिंग, हीच सूरा, ऐकून तू म्हणाली होतीस, "अल्लाचा कलाम म्हणजे दाराची घंटी नव्हे, काढ ते." मी भरल्या घरात तुला म्हणालो, "तू मुलं शिकव, मला शिकवू नकोस." त्या दिवसापासून तुझा उंबरा ओलांडला नाही, आणि रिंग मुद्दाम तीच ठेवली. मला वाटायचं, दिवसातून चाळीसदा कानावर पडतंय, सवाबच आहे, पुण्यच लागतंय. तो फोन खिशातून कुठे कुठे जातो, ते लिहायला नको. रिंग वाजली की मी फडक्याला हात पुसतो आणि तेलकट बोटाने बटण दाबतो. हात पुसायला जेवढा वेळ लागतो, तेवढीच सूरा पोरीने माझ्याकडून घेतली. गिऱ्हाइकाचा पंप कुठे अडखळतो ते मला मैलावरून कळतं. दोन वर्षं मी कुठे तोडतोय, ते मात्र ऐकू आलं नाही.

मी विचारलं, "मग आपाला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही त्यांच्याकडे आधीच जात नाही. मग त्यांनी तुम्हाला कधीच येऊ दिलं नसतं."

मी रिंग तिच्यासमोर काढून टाकली. म्हटलं, चूक माझी, तू पुन्हा म्हण. तर म्हणाली, "नको दादाजान. त्या सूरेने भांडणं होतात." आणि ओढणी घडी करून दप्तरात ठेवली.

त्या घडीची मला धास्ती वाटते, आपा. तुझा वर्ग बुडाला तर बुडेल, पण या पोरीच्या मनात कलामाची अशी जागा व्हायला नको. ते मला निस्तरता येणार नाही. तुला येईल.

शनिवारी साडेतीनला तिला घेऊन येतो. तिला आत घे. त्या अठरा पोरांसमोर, कुणी शिकवलं ते मी सांगेन. नंतर मला चटईवर बसव किंवा बाहेर उभं कर. फक्त ती पुढची ओळ तिच्याबरोबर तू म्हण. तुझ्या तोंडून तिने ती आधी प्रेमाने ऐकायला हवी.

दार लोटलेलं असेल तर मी वाजवणार नाही, बाहेर थांबेन.

ज्याचं नाव पोरीने घेतलं नाही, तो
तुझा धाकटा भाऊ