रविवारचा रिकामा चौकोन

सोमवार, १२ फेब्रुवारी

ठरलं. जुलैत जायचंच.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आज सरळ बोलल्या. तेच बरं. स्ट्रुअनचा डावा डोळा गेलेलाच आहे. उजवा इंजेक्शनांवर वर्षभर टिकेल, कदाचित तेवढाही नाही. बाहेर आल्यावर हा म्हणतो, "बाई चांगली आहे. हात गरम होते तिचे." मी गाडी चालवत होते म्हणून रडले नाही.

बेचाळीस वर्षं माझ्या या नवऱ्याने आमच्या गावच्या नऊ होलच्या गोल्फ मैदानाचं गवत राखलं. जुलै म्हणजे गवत, ऑगस्ट म्हणजे गवत. उन्हाळ्यात आम्ही कधी कुठे गेलो नाही. समुद्रकाठच्या वाळूवरची जुनी मैदानं — लिंक्स! बाकीच्या मैदानांना तो 'बागा' म्हणतो — त्याने टीव्हीवरच पाहिली. आता नजर आहे तोवर दाखवणार. आणि सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर, सगळ्यात जुन्या मैदानावर, तो एकदा खेळणार म्हणजे खेळणार.

मला स्वतःला हा खेळ आवडत नाही. एवढ्याशा चेंडूमागे धावणारी घोड्यासारखी माणसं! पण बेत आखता येतो. पस्तीस वर्षं शाळेचं वेळापत्रक मीच लावत होते.

रविवार, ३ मार्च

वेळापत्रक तयार. गुरुवारी उत्तरेला डॉर्नॉकचं मैदान. शुक्रवारी प्रवास. शनिवारी ओल्ड कोर्स — सोडतीत नाव निघालं तर. सोडतीत दोघांची नावं लागतात, तर क्लबचा सेक्रेटरी फर्कहर सोबत यायला तयार आहे. सोमवारी प्रवास. मंगळवारी ट्रून — ओपन स्पर्धेआधीचा सरावाचा दिवस. तिकिटंही फर्कहरनेच मिळवली.

मध्ये रविवारचा चौकोन रिकामा. रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो. गावातले लोक तिथे कुत्री फिरवतात. रिकामा चौकोन मला टोचतो.

स्ट्रुअनला वाचून दाखवलं. "छान आहे, मास्तरीणबाई. लघवीची सुट्टी कितीला?"

गुरुवार, १८ एप्रिल

आज तो चहाचं पाणी किटलीच्या शेजारी ओतत होता. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

गुरुवार, ९ मे

घोटाळा! सोडतीच्या अर्जात हँडिकॅपचं कार्ड मागतात — खेळाडू किती कच्चा त्याचा अधिकृत आकडा. आकडा मोठा तितका माणूस कच्चा. मी विचारलं, "तुझं कार्ड कुठल्या खणात आहे?"

"कुठलं कार्ड?"

नाहीच! जन्मभर मैदानावर राहिलेल्या माणसाकडे कार्ड नाही! आकडा मिळायला खेळून फटक्यांची कार्डं रीतसर भरून द्यावी लागतात, शेजारी फटके मोजणारा मार्कर लागतो, त्याची सही लागते. हा आपला काम आटोपल्यावर संध्याकाळी एकटा पाच स्टिक्स घेऊन खेळायचा. स्पर्धेत कधीच उतरला नाही. का? तर म्हणे, "सकाळी होल मी पाडायचा, झेंडा मी रोवायचा, आणि दुपारी त्यातच चेंडू घालून चषक न्यायचा? शोभतं का, इसोबेल?"

मी गृहीत धरलं होतं. विचारलंच नव्हतं. मुलांना सांगायचे, गृहीत धरू नका, तपासा.

शनिवार, ११ मे

फर्कहरकडे गेले. त्याने क्लबच्या कागदावर बारा हा आकडा लिहून शिक्का मारून दिला. "अगं, तो बारापेक्षा चांगलाच खेळतो. कोण विचारतंय?"

मी घेतला. फाइलमध्ये सगळ्यात खाली ठेवला.

रविवार, १९ मे

जेवणानंतर स्ट्रुअन म्हणाला, "सगळे कागद एकदा वाच ना. कानाला बरं वाटतं." वाचले. हॉटेल, तिकिटं, रस्ते. शेवटच्या कागदाशी थांबले. त्याला आता छापील अक्षर लागत नाही. मी फाइल मिटली असती तर त्याला कळलं नसतं.

वाचला. शिक्क्यासकट.

त्याने टेबलावरचे कण बोटाने गोळा केले. मग म्हणाला, "शाळेत कोणी कॉपी करताना सापडला की तू काय करायचीस?"

"घरी पाठवायचे."

"मग?"

"मी घरीच आहे," मी म्हटलं.

तो हसला. त्याच्या हसण्याने मला जास्तच लाज वाटली. कागद चुलीत टाकला. शनिवारच्या चौकोनावर काट मारली.

मंगळवार, ४ जून

म्हणतो, दाराची चौकट वाकडी दिसते. फोन केला, लगेच नेलं. इंजेक्शन दिलं.

शुक्रवार, २१ जून

उजवाही गेला. समोर राखाडी डाग, कडेकडेने थोडं दिसतं. वर्ष म्हणाल्या होत्या. सव्वाचार महिनेच झाले.

मी सगळी बुकिंगं रद्द करायला बसले. त्याने फोनवर हात ठेवला. अंदाजाने ठेवला, तो साखरेच्या भांड्यावर पडला. पण म्हणाला, "जायचं. वारा काय डोळ्यांनी घेतात?"

गुरुवार, ११ जुलै. डॉर्नॉक.

आडवा पाऊस. मैदानाच्या कडेच्या वाटेवर दोन तास बसलो. मी दिसेल ते सांगत होते: पिवळी झुडपं, समुद्र, लाल टोपीवाला जाडा माणूस. "त्याचं सोड, गवत सांग." गवत हिरवं आहे, मी म्हटलं. असा काही सुस्कारा टाकला की मला वाटलं, हा आता मला घरी पाठवणार.

रविवार, १४ जुलै. सेंट अँड्र्यूज.

काल त्याला मैदानाच्या जवळसुद्धा न्यायला मन झालं नाही. लोक खेळत असणार. हॉटेलातच बसलो, रेडिओ ऐकला.

आज सकाळी तोच म्हणाला, "तुझा रिकामा चौकोन ना आज? चल."

मैदान बंद, म्हणून सगळ्यांना उघडं. पोरं, म्हातारे, एक ओला कुत्रा. पहिल्या होलच्या रुंद हिरवळीवर येताच स्ट्रुअन खाली बसला आणि बूट काढले. मोजेही. मी म्हटलं, "अरे, लोक बघतायत!" "बघू दे. मला कुठे दिसतायत?"

मग माझा दंड धरून चालायला लागला. खरं तर मीच त्याला धरलं होतं, पण नेत तोच होता. तळव्यांनी वाचत होता. इथे खाली वाळू आहे, पायाने दाबून बघ. इथे पाणी थांबतं. हे नवं गवत आहे, दोन वर्षांचं, लावणारा घाईत होता. "बूट काढ, इसोबेल." चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी भर लोकांत बूट काढले! गवत थंड होतं. आखूड, चिवट, दाढी करून दोन दिवस झालेल्या गालासारखं. मी तसं म्हटलं तर तो थबकलाच. "बेचाळीस वर्षांत हे पहिलं शहाण्यासारखं बोललीस गवताबद्दल."

अठराव्या होलच्या ग्रीनवर, होलभोवतीच्या तुळतुळीत गवतावर, त्याने पाय ठेवला नाही. गवत राखणारा माणूस दुसऱ्याच्या ग्रीनवर अनवाणीसुद्धा जात नाही. कडेला गुडघे टेकले आणि तळहात पालथा ठेवला. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

मी म्हटलं, "इथे तू खेळायला हवा होतास. माझी चूक. मी आधी विचारायला हवं होतं."

"मला इथे खेळायचंच आहे असं कोण म्हणालं?"

"तूच. लग्नाच्या वर्षी."

"मी म्हणालो होतो, आपण जाऊ. तू आपल्या मैदानाच्या फाटकाशी उभी राहून हाक मारायचीस — जेवायला चल. रोज. आत कधी एक पाऊल टाकलं नाहीस. मला वाटायचं, एक दिवस ही आत येईल. बस्स, एवढंच."

मी बूट हातात घेऊन तशीच उभी राहिले.

मंगळवार, १६ जुलै. ट्रून.

तुफान गर्दी. सराव करणाऱ्या खेळाडूंच्या मागे दोरीला धरून उभे होतो. स्ट्रुअन मान खाली घालून ऐकत होता. फटका पडला की, लोकांच्या टाळ्यांआधीच, पुटपुटायचा: "चांगला." "जाड लागला, आधी माती." "हा वाळूत." मी नजर ठेवली. तेवीस फटक्यांत एकदा चुकला. शेजारच्या बाईने विचारलं, "हे प्रशिक्षक आहेत का हो?" "गवतवाले," मी सांगितलं. सांगताना मान ताठ होती माझी.

सोमवार, ५ ऑगस्ट

त्याच्या पाच स्टिक्स विकायच्या म्हणून शेडमधून काढल्या. पुसल्या. एक हातात धरून पाहिली. वाटलं होतं त्यापेक्षा हलकी आहे.

विकल्या नाहीत.

बुधवार, ७ ऑगस्ट

पाठ मोडली आहे. का ते लिहीत नाही.

रविवार, २९ सप्टेंबर

पहिलं कार्ड दिलं. माझं. आपलंच मैदान, दोन फेऱ्या. माझ्या मोजणीने एकशे एकेचाळीस फटके. बॅग स्ट्रुअनच्या खांद्यावर, मार्करही तोच. त्याचा आकडा एकशे बेचाळीस. "सातव्याला, वाळूत. चेंडूला स्टिक अगदी पुसट लागली होती." लागली होती. मी बेचाळीस केले.

फर्कहर म्हणाला, "अगं, त्याला दिसत नाही. मार्कर म्हणून त्याची सही कशी चालेल?" मी म्हटलं, "माझा एकसुद्धा फटका सुटला का, विचार त्याला."

ओल्ड कोर्सला छत्तीसच्या आतला हँडिकॅप लागतो. मी अजून त्याच्या आसपाससुद्धा नाही. स्ट्रुअन म्हणतो, घाई नाही, गवत कुठे पळून जातंय!

त्याचं बोट धरून कार्डावरच्या सहीच्या रेघेवर टेकवलं. सही सरळ आली.