माप विचारायचं राहिलं

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र आलं म्हणून तू दचकशील. आमचा फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि त्याच्या शेजारी सासूबाईंची खुर्ची. हे बोलणं तिथे होण्यासारखं नाही.

माझी पाळी नऊ दिवस उशिरा आहे. छोटीच्या वेळी रक्तदाब चढून मला झटके आले, तू तीन दिवस हॉस्पिटलच्या बाकावर बसून काढलेस, ते वेगळं सांगायला नको. तेव्हाच डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की पुन्हा दिवस जाऊ देऊ नका. रक्तदाबामुळे रोजच्या गोळ्या नकोत आणि तांबी मला सोसली नाही. राहिला कंडोम. तो नोव्हेंबरात एकदा फाटला, जानेवारीत एकदा. दोन्ही वेळा दुसऱ्याच दिवशी मी तातडीची गोळी घेतली आणि पाळी आली. त्यानंतर एकही फाटलेला नाही. मग हे कसं झालं?

मागच्या आठवड्यात सासूबाई नवऱ्याला म्हणत होत्या की एकटं मूल हट्टी होतं. त्यावर हा नुसता हसला. परवा त्याचा खण आवरताना कंडोमच्या खोक्याशेजारी सुई सापडली. तो चपलांच्या दुकानात काम करतो, उसवलेला पट्टा घरी आणून शिवतो, हे मला कळतं. तरी ती सुई बघून मनात आलं, यानेच तर भोकं पाडली नसतील? मी छोटीची गादी घेऊन मागच्या खोलीत झोपते. छोटीचा खोकला निमित्ताला पुरला.

आईला यातलं काही कळू देऊ नकोस. तू तुझ्या हातमोज्यांच्या कारखान्यातून रजा काढून यावंस असंही नाही. फक्त मला वेड लागलं नाही, एवढं सांग.

तुझ्या धीराच्या आशेवर असलेली,
ठकू

---

८ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी कामावर चहा सांडला. सगळ्यात आधी, हे पत्र हातात पडेल त्या दिवशीच डॉक्टरीणबाईंकडे जा. माझ्या पुढच्या पत्राची वाट बघू नकोस.

दुसरं सांगते ते बसून वाच. मी हातमोजे करत नाही. अकरा वर्षं झाली, मी कंडोमच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत काम करते. त्यांत पाणी भरून टांगते, हवा भरून फुटेपर्यंत फुगवते आणि आकडे लिहिते. नोकरी लागली तेव्हा आईला सांगायचं धाडस झालं नाही. हातमोजेही रबराचेच, म्हणून ते सांगून टाकलं आणि पुढे तेच चालू राहिलं.

तेव्हा त्या खोक्यातले न उघडलेले सगळे मला पाठव. सुईचं भोक कितीही बारीक असो, पाण्यापासून लपत नाही. आणखी एक विचारते, लाजू नकोस. चढवताना त्याला त्रास होतो का? काढल्यावर वळ उठतो का?

काळजीने अर्धी झालेली,
ताई

---

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी न्हाणीघरात कडी लावून वाचलं आणि तिथल्या पाटावरच बसून राहिले. अकरा वर्षं! आई लग्नाकार्यात अभिमानाने सांगत फिरते की आमची थोरली डॉक्टरांचे हातमोजे तपासते. मला आधी राग आला, मग हसू आलं, मग दोन्ही गेलं.

दिवस गेलेच होते. रक्तदाब आत्ताच वर होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की थांबण्यात शहाणपण नाही. मंगळवारी हॉस्पिटलात ठेवून त्यांनी गर्भपात करून मोकळं केलं. मी बरी आहे, अंगात त्राण मात्र नाही. हा दिवसभर बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. घरी आल्यावर त्याने विचारलं की मी का रागावले आहे. मी भिंतीकडे तोंड करून पडले.

खोकं यासोबत पाठवते आहे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर, हो. चढवताना तो दात आवळतो आणि लाल कडं तासभर राहतं. मला वाटलं, सगळ्यांचं असंच असतं.

दमलेली पण तुझीच,
ठकू

---

२१ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तू सुटलीस, हे वाचून मी कितीतरी वेळ पत्र हातात धरून बसले होते.

सातही कंडोम मी स्वतः तपासले, मग सोबतच्या एकीकडून पुन्हा तपासून घेतले. एकातही भोक नाही, खोक्यात काही दोष नाही. नवऱ्याबद्दलचा तो संशय मनातून काढून टाक.

दोष मापाचा आहे. खोक्यावर बारीक अक्षरांत रुंदी छापलेली असते, ती बावन्न मिलिमीटर आहे. दुकानात बहुतेक तेवढीच मिळते, म्हणून लोकांना वाटतं की कंडोमला माप नसतं. घट्ट झाला की ताण येऊन फाटतो, सैल झाला की आत निसटतो, आणि दोन्हींत माणूस तो घालायचा कंटाळा करतो. आमच्या खोलीतल्या पोरींना हे पाठ आहे. माझ्या सख्ख्या बहिणीला मी कधी सांगितलं नाही, कारण मी हातमोजे करत होते ना. ती सल मला जन्मभर पुरेल.

त्याला सांग, ताठर असताना कागदाची पट्टी गुंडाळून घेर मोजायचा. त्या घेराच्या निम्म्याहून जराशी कमी रुंदी लागते. अंगाचं माप घेऊन कंडोम करून देणारेही आता आहेत, पत्ता मी देईन.

एक गोष्ट मात्र मला उलगडत नाही. भोक नव्हतं, फाटला नव्हता, तर दिवस कसे गेले? हे मी त्यालाही वेगळं लिहून विचारते आहे. आगाऊपणा वाटला तर थोरली म्हणून पोटात घाल.

तुझी,
ताई

---

२७ मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दुकानात आलं. ते मी मागच्या गोदामात खोक्यांच्या आडोशाला उभा राहून वाचलं. बायकोच्या थोरल्या बहिणीने असं काही विचारावं आणि मी उत्तर लिहावं, हे मला अजून खरं वाटत नाही. पण तुम्ही सरळ विचारलंत, तेव्हा सरळ सांगतो.

फेब्रुवारीत एकदा फाटला होता. तिला कळलं नाही, मला कळलं. मी बोललो नाही. आधी दोनदा झालं तेव्हा ती इतकी घाबरली होती की तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडेना. माझ्यातच काही खोट आहे, असंही वाटत होतं. एकदा औषधाच्या दुकानात मोठा आहे का विचारायला गेलो, तर गल्ल्यावरचा माणूस हसला आणि मागे उभ्या दोघांनाही हसू फुटलं. मी खोकल्याचं औषध घेऊन परत आलो. मी दिवसभर लोकांना पायाचा नंबर विचारतो, चावणारी चप्पल कुणाला घेऊ देत नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र गप्प बसलो. त्या दिवशी बोललो असतो तर तिने वेळेत गोळी घेतली असती.

काल तिने मला सुईबद्दल सांगितलं आणि माफी मागितली. माझ्या बायकोला मी असा वाटलो, हे मला लागलं. आणि तरीही मी तिला फेब्रुवारीचं सांगितलं नाही. तिची माफी नुसती घेऊन टाकली. आता काय करू, तेवढं सांगा.

आपला अपराधी,
ठकूचा नवरा

(पट्टीवर एकशे तेहेतीस भरले. म्हणजे गेली चार वर्षं मी चुकीच्या मापात होतो.)

---

१४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू त्याला एकाच ओळीत उत्तर पाठवलंस, की आज सांग, उद्या नको. त्याने सांगितलं. मी भांडी घासत होते. हातातलं पातेलं तसंच खाली ठेवलं आणि नळ वाहत राहिला.

चार दिवस मी त्याचं ताट झाकून ठेवून मागच्या खोलीत जात होते. ज्याचा संशय घेतला ते खोटं निघालं, आणि ज्याचा कधी घेतला नाही ते खरं. पाच मिनिटांच्या लाजेपायी मला हॉस्पिटलात जावं लागलं, हे मी त्याला पाचव्या दिवशी शांतपणे सांगितलं. त्याने एकही सबब दिली नाही. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या नसबंदीचंही सुचवलं आहे. तो आपणहून चौकशी करून आला. ते दोघांनी मिळून ठरवू. तोवर मापाचे मागवले आहेत.

मी गादी काही हलवली नव्हती. काल याचा धाकटा भाऊ आला होता, त्याचं लग्न ठरलंय. दोघे बाहेरच्या खोलीत बसले होते, सासूबाई त्यांच्या खुर्चीत. आणि हा, जो औषधाच्या दुकानात हसू झालं म्हणून खोकल्याचं औषध घेऊन आला, तो भावाला मोठ्याने सांगत होता की कंडोमला माप असतं, ते आधी मोज, आणि फाटला तर त्याच मिनिटाला बायकोला सांग. आपण सांगितलं नाही आणि तिच्या जिवावर बेतलं, हेही त्याने सांगितलं. सासूबाई उठल्या नाहीत. फक्त म्हणाल्या की आमच्या वेळी असं सांगणारं कोणी असतं तर बरं झालं असतं.

मी दारात उभी राहून ऐकत होते. मग आत जाऊन छोटीची गादी उचलली आणि आमच्या खोलीत नेऊन घातली.

माया कमी होऊ देऊ नकोस,
ठकू