बोयाला वळसा

१३ ऑगस्ट १९३०, हॅमिल्टन

बाबा आलेत! इथे! आगगाडीतून उतरले ते घरच्या होडीचं सुकाणू खांद्यावर घेऊनच. इथल्या होडीला ते बसणार नाही हे सगळ्यांनी सांगून झालं होतं म्हणे. मी इथल्या पोलादाच्या भट्टीत कामाला आलो, त्याला तीन वर्षं झाली. इतक्या दिवसांनी मला पाहिलं आणि पहिलं वाक्य काय — ‘टोपी कुठे हरवलीस?’ टोपी खरंच हरवली होती. यांना कळतं कसं?

मी नुसता बघायला गेलो होतो. ब्रिटिश साम्राज्याचे खेळ पहिल्यांदाच भरताहेत, त्यात आमचा न्यूफाउंडलंडही आहे, कॅनडापासून वेगळा. वल्ह्यांवर चौघं, सुकाणूवर बाबा. पण वाटेत एकाला गालगुंड झालं आणि तो मागे राहिला. उरले गस स्नूक आणि दोघे पेनी भाऊ. गसने माझ्याकडे बोट दाखवलं. ‘तांडेल, हा आहे की रिकामा.’

बाबा म्हणाले, ‘रिकामाच आहे तो. जन्मापासून.’

पण नाही म्हणाले नाहीत!

१४ ऑगस्ट

गावात मला कधी वल्हं मिळालं नाही. नऊ वर्षांचा होतो तेव्हा बाबांनी होडी बांधायला सांगितलं. मी दोर हातात धरून देवमासा बघत राहिलो. होडी गेली. देवमासाही गेला. ही गोष्ट बाबांनी आज पेनी भावांना पुन्हा सांगितली. त्यांनी ती लहानपणापासून ऐकलीय, तरी हसले.

मग बाबांनी मला बाजूला घेतलं. ‘एवढी शर्यत नीट पार पाड. मग घरी चल, गावच्या तळ्यावरच्या शर्यतीत तिसरं बाक तुझं. घोळ घातलास तर इथेच राहा भट्टीत कोळसा ओतत.’

तिसरं बाक! रात्री झोप कसली येतेय.

१५ ऑगस्ट

होडी मिळाली. बाकं सरकतात! बसलं की ढुंगणाखालून पळतात. गस मागे गेला तो पाय वर करूनच. बाबांनी अर्धा तास पाहिलं, मग खिशातून मासे पकडायची दोरी काढली आणि चारही बाकं करकचून बांधली. शेजारचे स्कॉटलंडवाले बघायला आले. ‘हे काय?’ बाबा म्हणाले, ‘बाक पळतं त्याला आम्ही घोडा म्हणतो.’

आम्हाला शाळेच्या एका वर्गात उतरवलंय. जेवणात मटणाचे तुकडे होते. थोरल्या पेनीने घरून खारा मासा आणि कडक पाव आणलाय, तो भिजवून डुकराच्या चरबीत परतला. वास दोन मजले चढला. इंग्लंडच्या पोरांनी खिडक्या उघडल्या.

१६ ऑगस्ट

मैदानात संचलन झालं. फलक धरणाऱ्याने विचारलं, ‘तुम्ही कॅनडाचेच ना?’ धाकट्या पेनीला आवरावं लागलं.

१७ ऑगस्ट

रविवार. बाबा प्रार्थनेला म्हणून गेले, जेवणालाच परतले. मी एका माणसाशी सुसरीबद्दल बोललो. त्याने कधी पाहिली नव्हती. मीही नाही. तीन तास गेले.

१८ ऑगस्ट

लिहू की नको?

वल्ह्यांच्या शर्यतीची माहिती सांगायला पंचांनी सभा बोलावली होती. बाबा म्हणाले, ‘खुर्चीत बसून होडी शिकायचं माझं वय नाही. तू जा. यांची बोली तुला कळते.’ गेलो. पहिल्या रांगेत बसलो! पण खिडकीतून समोर कारखान्याचं धुराडं दिसत होतं आणि त्यावर दोराला लटकलेला एक रंगारी. त्याची टोपी उडाली. टोपी हरवलेल्यांची मला दया येते. खाली धावलो, टोपी उचलली. तो म्हणाला, ‘वर ये, सरोवर बघ.’ वरून अख्खं सरोवर दिसतं! पलीकडचा किनारा नाहीच!

परत आलो तर खोलीत फक्त झाडू मारणारी बाई.

बाबांनी विचारलं, ‘काय म्हणाले?’

मी म्हणालो, ‘घरच्यासारखंच.’

बाबांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. ‘बरं,’ म्हणाले.

१९ ऑगस्ट

घरच्यासारखंच असणार. होडीची शर्यत ती होडीची शर्यत.

२० ऑगस्ट

घरच्यासारखं नव्हतं.

आमच्या तळ्यावर शर्यत म्हणजे जायचं, आपापल्या बोयाला, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या पिंपाला, वळसा घालायचा आणि परत यायचं. जाताना दम राखायचा, येताना जीव काढायचा. तेच केलं. बाकीचे सुटल्यापासूनच वेड्यासारखे वल्हवत पुढे गेले. गस म्हणाला, ‘दमतील लेकाचे!’ आम्ही खूश. बाबा शांत. लाल बोये आले. बाबांनी सुकाणू फिरवलं — काय फिरवलं! होडी ताटातल्या लोण्यासारखी वळली. बाकीचे वल्ही टाकून नुसते लवंडले होते. धाकटा पेनी ओरडला, ‘मेले! सगळे मेले!’

मग आम्ही जीव काढला. पंचांची बोट समोरून पळाली. बँडवाले मधेच थांबले. काठावरची माणसं धावायला लागली आमच्याबरोबर, टोप्या फेकत! सुटायच्या रेषेवर पोचलो, वल्ही वर केली. तिथे इशारा देणारा एकटाच बसून पाव खात होता.

गस ओरडला, ‘पहिले कोण?’

तो म्हणाला, ‘अहो, शर्यत त्या टोकालाच संपली की!’

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

२१ ऑगस्ट

शेवटून पहिले. वर्तमानपत्रात आमचं चित्र आलंय, जिंकणाऱ्यांपेक्षा मोठं.

बाबांना सगळं सांगितलं, धुराड्यासकट. ‘हं,’ म्हणाले. गस बोलत नाही. थोरला पेनी बोलला — ‘देवमासा!’

तिसरं बाक गेलं. भट्टीच्या मुकादमाला उद्यापासून येतो म्हणून सांगून ठेवलंय.

२३ ऑगस्ट

निरोप द्यायला स्टेशनवर गेलो. खेळांच्या कचेरीतली मुलगी धावत आली, राहिलेले कागद माझ्या हातात देऊन गेली. त्यात शर्यतीचा नकाशा. बाण एकच — जायचा. खाली बाबांची सही. तारीख सतरा, सभेच्या आदल्या दिवसाची!

‘बाबा, तुम्हाला आधीच माहीत होतं?’

‘हळू बोल.’ बाबांनी गसकडे पाहिलं. ‘सरळ गेलो असतो तरी शेवटचेच होतो. सरळ काय, ओंडकाही जातो. सुकाणू धरणाऱ्याचं काम वळवण्याचं. इतक्या लांब येऊन मी वळायचंच नाही?’

‘आणि बोलणी मी खाल्ली!’

‘तुला सवय आहे.’ मग सुकाणू माझ्या खांद्यावर ठेवलं. ‘हे धर. आणि कुठे बघत बसू नकोस, गाडी सुटेल.’

गाडी सुटली. मी आत आहे.