समुद्राला बांध

गुरुजी, शाळेच्या व्हरांड्यात तुम्ही काढलेला जगाचा नकाशा अजून आहे. उन्हाळ्यात त्याचे पोपडे निघतात आणि पंधरा ऑगस्टच्या आधी आम्ही तो पुन्हा रंगवतो, तुमच्याच पद्धतीनं, चुन्यात कपड्यांची नीळ कालवून. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. तुमच्या वर्गात आता भूगोल मी शिकवते.

सहावीत असताना समुद्र रंगवायची पाळी माझी होती. मी आधी कोळशानं रेघा ओढल्या. प्रशांत आणि हिंदी महासागराच्या मधे एक, अटलांटिकच्या कडेला दुसरी, अगदी सरळ. तुम्ही मागे येऊन उभे राहता आणि विचारता, "हे काय गं?" मी म्हणते, "बांध हाय गुरुजी. कुणाचं पाणी कुठवर, ते कळाया नको?" तुम्ही हसत नाही. "समुद्राला बांध असतो व्हय? पाणी एकच हाय, पोरी. नावं आपण देल्ली." मग ओल्या फडक्यानं सगळ्या रेघा पुसायला लावल्या आणि माझं बोट धरून जाफराबादपासून पूर्णेवर फिरवलं, पूर्णेतून गोदावरीत, गोदावरीतून बंगालच्या उपसागरात. आम्हाला समुद्र म्हणजे मुंबई एवढंच ठाऊक. आपलं पाणी उगवतीकडे जातं हे त्या दिवशी कळलं. तुम्ही स्वतः समुद्र कधीच पाहिला नव्हता, हे मात्र फार नंतर कळलं, आणि थोडा रागही आला होता.

आता पुस्तकात समुद्राबद्दल बरंच काही असतं. हवेतली वाढती उष्णता तो पोटात घेतो आणि स्वतः तापतो. पाणी तापलं की प्रवाळ पांढरं पडतं. समुद्राचे प्रवाह मोठमोठी वर्तुळं घेत फिरतात, आणि नद्यांनी वाहून आणलेलं प्लॅस्टिक त्या वर्तुळांत जमत राहतं. मी शिकवते तेव्हा तुमचंच वाक्य वापरते, पाणी एकच आहे. मुलांना ते आवडतं. पावसाळ्यात पूर्णेच्या पुलाखाली झुडपांना अडकलेल्या पिशव्या त्यांनी पाहिलेल्या असतात.

तुमच्या अस्थी घेऊन आम्ही जीपनं वडीगोद्रीच्या पुढे, गोदावरीच्या पुलापर्यंत गेलो होतो. तेव्हा मला नोकरी लागून दोन वर्षं झाली होती. तुमच्या मुलानं खाली उतरून अस्थी पाण्यात सोडल्या. निर्माल्याची पिशवी माझ्या हातात होती, जाड काळं प्लॅस्टिक, तोंडाला गाठ. गाठ सोडून फुलं तेवढी टाकावीत असं मनात आलं होतं. वर येऊन तो म्हणाला, "ताई, टाका की जल्दी, जीपवाला थांबून राह्यला." सगळे पिशवीसकटच टाकतात. मीही कठड्यावरून तशीच टाकली. ती बुडाली नाही. तरंगत गेली, उगवतीकडे, आणि मी दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. त्या दिवशी तुमच्यासाठी रडू आलं नाही. पिशवीचं वाईट वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली.

मागच्या मंगळवारी प्रवाहांचा धडा चालू होता. पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिच्या आजीचं निर्माल्य महिन्यापूर्वीच घरच्यांनी नदीत सोडलं होतं, हे मला माहीत होतं. "मॅडम, पिशवी म्याच टाकली. मंग ती बी तिथं गोल फिरत असंल का?" मी म्हणाले, असेल. मग तिनं विचारलं, "तुम्ही टाकली का कधी?" सगळा वर्ग बघत होता. मी म्हणाले, "नाही." ती मान खाली घालून बसली. मी फळ्याकडे वळले.

एका शब्दात मी तिला एकटं पाडलं, गुरुजी. तुम्ही पुसायला लावलेली रेघ मी तिच्या आणि माझ्या मधे ओढली.

उद्या नकाशा रंगवायचा आहे. नीळ कालवायचं काम तिच्याकडे आहे. तिला खरं सांगायचं ठरवलं आहे. हा कागद नकाशांच्या कपाटात राहील. आणि एक कबूल करते, मंगळवारपासून ती व्हरांड्यात दिसली की मी मागच्या दारानं वर्गात जाते.